तेंदूचा हंगाम, माश्यांची खोली

शिफारसपत्रावरून विद्यार्थी ओळखता येतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा जानेवारीत आमच्याकडे येऊन बसावं. उन्हाळ्याचे दोन महिने बी.एस्सी.ची मुलं आमच्या जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला येतात. घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढणारी, आदिवासी, दलित, भटक्या जमातींतली मुलं आधी घ्यायची, असा या जागांचा नियम. अर्जांची छाननी बरीच वर्षं माझ्याकडे आहे. पुण्या-बंगळूरच्या कॉलेजांतून येणारी पत्रं दोन-दोन पानांची असतात. मुलीने कुठल्या सेमिनारला कोणता प्रश्न विचारला, हे सगळं त्यात असतं. तालुक्याच्या कॉलेजातून येतं ते बोनाफाईड. 'सदर विद्यार्थिनी या महाविद्यालयात बी.एस्सी. भाग दोनमध्ये शिकत असून तिची वर्तणूक चांगली आहे.' खाली जांभळा शिक्का, जावक क्रमांक, प्राचार्यांची सही.

यात त्या सरांचा आळस नसतो. असं पत्र त्यांनी कधी लिहिलेलं नसतं आणि त्यांच्यासाठीही कोणी कधी लिहिलेलं नसतं. म्हणून मी पत्रं बाजूला ठेवते आणि फोन लावते. 'सर, ही मुलगी प्रॅक्टिकलला काय करते?' एवढंच विचारायचं. धानोऱ्याच्या एका मुलीबद्दल तिचे सर म्हणाले होते, 'मॅडम, आमच्याकडे एकच मायक्रोस्कोप चालू आहे. तो तिने दुरुस्त केलेला आहे.' दोन पानी पत्रात मला याच्याइतकं कामाचं वाक्य क्वचित सापडलंय.

आमची प्रयोगशाळा बंगळूरच्या दक्षिण टोकाला, आनेकल तालुक्यात आहे. हा तालुका दोन तोंडांचा आहे. होसूर रस्त्याच्या अंगाला हेब्बगोडी, बोम्मसंद्रा, जिगणी, अत्तिबेले अशी कारखान्यांची रांग. तिथेच बायोकॉनसारखी औषधकंपनी, तिथेच नारायणा हेल्थ सिटी आणि लोकांच्या रक्ताचे, लाळेचे नमुने घेऊन जनुकं वाचून देणाऱ्या प्रयोगशाळा. सर्जापूरच्या बाजूला अझीम प्रेमजी विद्यापीठ. आणि पश्चिमेला बन्नेरघट्ट्याचं जंगल. नाचणी तयार झाली की त्या अंगाच्या गावांत हत्ती येतात आणि शेतकरी रात्र रात्र जागतात. एका तालुक्यात जीनोमही वाचला जातो आणि हत्तीही हाकलला जातो. एका वर्षी आमच्या गटात अत्तिबेलेची एक मुलगी होती. तिची आई वर्षानुवर्षं अशाच एका इमारतीत साफसफाईला जात होती. आत काय चालतं असं विचारलं, तर मुलगी म्हणाली, 'एसी चालतो.'

त्या वर्षीचा गट माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. एक धानोऱ्याची, गडचिरोली जिल्ह्यातली, घरी गोंडी बोलणारी. एक केजचा, बीड जिल्ह्यातला, आईवडील ऊसतोडीला जाणारे. एक रायचूरकडचा, लिंगसुगूरचा. आणि ही अत्तिबेलेची. आणखीही होते, पण हे चौघं एका टेबलावर बसायचे, आणि आम्ही त्यांना गावांच्या नावांनीच हाका मारायचो. आपापसांत त्यांची भाषा हिंदी, कानडी, मराठी आणि हातवारे अशी मिसळीची होती.

अशा उन्हाळी संधी देशात नाहीत असं नाही. तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. तिच्यासाठी शिक्षकांनाही अर्ज करता येतो, हे फार कमी शिक्षकांना ठाऊक असतं. बंगळूरच्याच जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राची वेगळी फेलोशिप आहे. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना १९९९ मध्ये सुरू झाली आणि २०२२ मध्ये 'इन्स्पायर'मध्ये विलीन झाली. 'इन्स्पायर' शिष्यवृत्तीच्या वर्षाला ८०,००० रुपयांतले २०,००० तर खास उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात. मात्र त्यासाठी सहसा बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात नाव असावं लागतं. आमच्या टेबलावरच्या चौघांपैकी एकही त्या एक टक्क्यात नव्हता. वरचा एक टक्का बारावीला कुठे शिकतो आणि क्लासची फी किती भरतो, हे माझ्यासारख्या लातूरकडच्या बाईने वेगळं सांगायला नको.

पण खरा अडसर गुणांचा नाहीच, कॅलेंडरचा आहे. आपल्याकडे विद्यापीठांची 'उन्हाळी परीक्षा' असते. नावातच उन्हाळा. ती कधी एप्रिलमध्ये संपते, कधी मे ओलांडते, आणि एखाद्या वर्षी वेळापत्रक पुढे ढकललं की जूनमध्ये शिरते. इकडे सगळ्या संस्थांची इंटर्नशिप मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू. स्वायत्त कॉलेजच्या मुलांचे पेपर तोवर संपलेले असतात. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजच्या मुलाचा प्राणिशास्त्राचा पेपर अजून बाकी असतो. त्याला नाकारलं असं कोणी म्हणत नाही. तो 'रुजू झाला नाही' एवढीच नोंद होते. आम्ही रुजू होण्याची तारीख सैल ठेवायला लागलो, तेव्हा वरिष्ठांपैकी एक जण म्हणाले, 'मग गट एकत्र कसा शिकणार?' नाही शिकत एकत्र. जो आधी येतो तो मागून येणाऱ्याला शिकवतो. मला तर ते जास्त बरं वाटतं.

आणि दुसरं कॅलेंडर तेंदूपत्त्याचं. धानोऱ्याच्या मुलीचा फोन एप्रिलच्या शेवटी आला. 'मॅडम, मी पंधरा दिवस उशिरा आली तर चालेल का?' परीक्षा आहे का, विचारलं. परीक्षा संपली होती. 'फळी सुरू होते.' गडचिरोलीत तेंदूपत्ता खरेदीच्या जागेला फळी म्हणतात. पहाटे घरातली सगळी माणसं जंगलात जातात, दुपारपर्यंत पानं आणतात, पुडे बांधतात, संध्याकाळी फळीवर देतात. मे महिन्यातले थोडेच दिवस हा हंगाम चालतो आणि वर्षाचा रोख पैसा बहुतेक त्यातूनच येतो. वनहक्क आणि पेसा कायद्यानंतर कितीतरी ग्रामसभा स्वतः लिलाव करतात, त्यामुळे मजुरीशिवाय नंतर बोनसही मिळतो. घरातले दोन हात कमी झाले की पुडे कमी, पुडे कमी की बोनस कमी. मुलीला पाठवण्याची किंमत तिच्या वडिलांनी पुड्यांत मोजून ठेवली होती. आमच्या विद्यावेतनाच्या हिशोबात रेल्वेभाडं होतं, राहणं होतं, जेवण होतं. घरी बुडालेल्या हंगामाचा रकाना नव्हता.

ती हंगाम करूनच आली, बल्लारशाहून संघमित्रा पकडून. हातांवर पानं खुडल्याचे काळे डाग होते, आणि पहिले काही दिवस ती हात टेबलाखाली ठेवून बसायची. हातमोजे मिळाल्यावर तिला बरं वाटलेलं दिसलं.

चंदापुऱ्यातल्या पीजीवाल्याने दोन महिन्यांचं ॲडव्हान्स मागितलं. विद्यावेतन बऱ्याच ठिकाणी काम संपल्यावर मिळतं. ज्याच्या खिशात आधीच पैसे आहेत त्यालाच पुढचे पैसे मिळावेत, असा हा कारभार आहे, आणि तो करणाऱ्यांना त्यात काही चुकतंय असं वाटतही नाही. आम्ही पहिला हप्ता आल्या दिवशी द्यायचा नियम करून घेतला. बोम्मसंद्र्यापर्यंत मेट्रो आली ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये. त्यापूर्वी सिल्क बोर्डच्या चौकात बसमध्ये तासन्‌तास घामाघूम होणं, हीच मुलांची बंगळूरशी पहिली ओळख असायची.

कामाची सुरुवात आमच्याकडे स्वयंपाकघरातून होते. फळमाशी, म्हणजे ड्रोसोफिला, ही आमची जनावरं. पिकल्या केळ्यावर घोंगावणारी ती बारीक माशी. २५ अंशांना ती साधारण दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण माशी होते, म्हणून दोन महिन्यांत पाच-सहा पिढ्या बघायला मिळतात. तिला खायला मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर एकत्र शिजवायचं, बुरशी लागू नये म्हणून ॲसिडचे थेंब टाकायचे आणि गरम असतानाच काचेच्या नळ्यांत ओतायचं. केजचा पातेल्यात डोकावून म्हणाला, 'ही तर आंबील.' गुठळी न होता ते ढवळणं हे कौशल्य आहे, आणि इंजिनीअरिंग सोडून जीवशास्त्राकडे आलेल्या हुशार पोरांना ते जमत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

मग कुमारी माश्या गोळा करायच्या. एकदा मीलन झालं की मादी नराचं बीज साठवून ठेवते, त्यामुळे तिच्या पुढच्या पिल्लांचा बाप नक्की कोण हे सांगता येत नाही. कोशातून निघाल्यावर पहिले आठेक तास ती नराला जवळ करत नाही. त्या आठ तासांत तिला वेगळं काढायचं. म्हणून भल्या सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी हजेरी. प्रयोगशाळेत सगळे सर्रास 'व्हर्जिन किती मिळाल्या?' असं ओरडतात. पहिल्या दिवशी केजचा लाजून बाहेर निघून गेला. आठवडाभराने तोच सगळ्यात मोठ्याने ओरडायला लागला. पहाटे तो सगळ्यांत आधी हजर असायचा. आमच्या एका पाहुण्या प्राध्यापकांनी याचा संबंध ऊसतोडीच्या कष्टांशी जोडून छोटंसं भाषण केलं. गरिबीने मुलं काटक होतात असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तो लवकर यायचा, कारण त्याच्या पीजीत सहानंतर नळाला पाणी नसायचं आणि आमच्याकडे असायचं.

माश्यांच्या खोलीची एक गोष्ट मी प्रत्येक गटाला सांगते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांची १६ फूट बाय २३ फुटांची खोली होती. दुधाच्या बाटल्या, सडकी केळी आणि माश्या. १९१० मध्ये तिथे लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि जनुकं गुणसूत्रांवर बसलेली असतात, या विचाराला जमीन मिळाली. हे पुस्तकात असतं. पुस्तकात सहसा नसतं ते असं की, त्या खोलीतली दोन मोठी नावं पदवीच्या वर्गातल्या पोरांची होती. आल्फ्रेड स्टर्टेव्हंटने १९११ मध्ये गृहपाठ बाजूला ठेवून एका रात्रीत जगातला पहिला जनुक-नकाशा काढला. डोळ्यांच्या रंगांवर काम करणारा हा पोरगा रंगांधळा होता. आणि कॅल्विन ब्रिजेस! आईवडील लहानपणीच गेलेले, आजीने वाढवलेला. मॉर्गनकडे तो बाटल्या धुवायला लागला होता. धुवायला आलेल्या जाड काचेच्या बाटलीतून त्याला वेगळ्याच शेंदरी डोळ्यांची एक माशी दिसली, तीही नुसत्या नजरेने. पुढे १९१६ मध्ये 'जेनेटिक्स' हे नियतकालिक निघालं, त्याच्या पहिल्या अंकातला पहिला लेख याच बाटलीवाल्याचा आहे.

ही गोष्ट सांगताना पूर्वी मी 'बघा, जिद्द असली की' वगैरे म्हणायचे. आता म्हणत नाही. ब्रिजेसची नजर तीक्ष्ण होती हे खरंच, पण तो त्या खोलीत होता. बाटल्या धुण्याचे त्याला पैसे मिळत होते. ज्याला खोलीतच यायला मिळालं नाही त्याची नजर किती तीक्ष्ण होती, याची नोंद कुठल्याही नियतकालिकात नाही. अत्तिबेलेच्या मुलीने कानडीत काहीतरी पुटपुटलं, लिंगसुगूरच्याने भाषांतर केलं: 'ती म्हणते, माझी आईपण बाटल्या धुते. तिला कोणी आत बोलावलं नाही.'

मेच्या शेवटी सिकलसेलचा विषय निघतो. विषय सोपा समजला जातो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एका अक्षराचा बदल: सहाव्या जागी जीएजीचं जीटीजी होतं, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलीन येतं, आणि ऑक्सिजन सुटला की लाल पेशी कोयत्यासारखी वाकते. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये याला रेणूचा आजार म्हटलं, व्हर्नन इंग्राम यांनी १९५६-५७ मध्ये तो नेमका फरक दाखवला. एक प्रत सदोष असेल तर माणूस वाहक, आणि त्याला मलेरियापासून थोडं संरक्षण. दोन्ही सदोष तर रुग्ण. आम्ही वर्गात कुणाचंही रक्त तपासत नाही, कडू चव ओळखायचा पीटीसीचा कागद जिभेवर ठेवतो आणि तेवढ्यावर भागवतो.

आईबाप दोघंही वाहक असतील तर मूल रुग्ण निघण्याची शक्यता किती, याची फळ्यावर चौकट काढून मी 'चारात एक' म्हणाले, तेव्हा धानोऱ्याच्या मुलीने पाकिटातून सिकलसेल तपासणीचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. 'माझा एएस आहे.' म्हणजे वाहक. टेबलावर क्षणभर कोणी बोललं नाही, पण तिला त्याची पर्वा नव्हती. तिला 'चारात एक'शी भांडायचं होतं. तिच्या गावात एका घरी पहिलं मूल एसएस, म्हणजे रुग्ण, निघालं. लोक म्हणाले, चारातलं एक झालं, आता पुढची तीन चांगली. दुसरंही एसएस निघालं. 'तुम्ही जसं सांगता ना मॅडम, तसंच त्यांना सांगितलं होतं. चारात एक.'

दर वेळी नव्याने चारात एक, हे समजवायचं कसं? तिने दुसऱ्या दिवशी चिंचोके आणले. आनेकलच्या बाजूला चिंचेची झाडं पुष्कळ, मार्च-एप्रिलात ओट्यांवर बसून बायका चिंचा फोडत असतात; घरमालकिणीकडून तिने मूठभर मागून घेतले होते. एका बाजूने घासून पांढरे केलेले चिंचोके आपण पोरवयात फाशांसारखे टाकायचो, तेच. एक चिंचोका आईचा, एक बापाचा. काळी बाजू ए, पांढरी एस. दोन्ही पांढरे पडले तर एसएस. पुन्हा उचला, पुन्हा टाका. चिंचोक्याला मागचं पडलेलं आठवत नाही.

मला हे इतकं आवडलं की मी लगेच तिचा पुढचा आठवडा खराब केला. चिंचोका खरंच निम्म्या वेळा पांढरा पडतो का? मोजा. चौघं जमिनीवर बसून टाकत राहिले, वहीत रेघा मारत राहिले, आणि काय-स्क्वेअर लावल्यावर निघालं की त्यांचे चिंचोके बेइमान आहेत. घासलेली बाजू सपाट, दुसरी फुगीर, त्यामुळे पांढरी कमी वेळा वर येत होती. गणितवाल्या एका सहकाऱ्याने जॉन फॉन नॉयमन यांची सुंदर युक्ती सांगितली: चिंचोका दोनदा टाका, दोन्ही वेळा सारखं पडलं तर सोडून द्या, आधी काळं मग पांढरं पडलं तर ए, उलट पडलं तर एस. चिंचोका कितीही बेइमान असो, निकाल निम्मा-निम्माच. लिंगसुगूरचा खुलला. धानोऱ्याची म्हणाली, 'गावात एवढा वेळ कोण बसेल?' तिने फुगीर बाजूही फरशीवर घासायला घेतली. थोडं घासायचं, टाकून मोजायचं, पुन्हा घासायचं. अहवालात तिने दोन्ही पद्धती मांडल्या आणि स्वतःची का निवडली ते लिहिलं. आमच्याकडच्या पीएच.डी.च्या काही प्रबंधांत एवढं स्पष्ट कारण नसतं.

त्याच दिवसांत ती एकदा म्हणाली, 'आश्रमशाळेत असताना रक्त तीनदा नेलं. कार्ड एकदाच आलं.' मी तेव्हा गप्प बसले, पण ते वाक्य मला अजून सोडत नाही. आपल्या शास्त्राला आदिवासी माणसाच्या शरीराची ओढ जुनी आहे. इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांचं महाराष्ट्रातल्या समाजांच्या शरीरमापनाचं काम १९५१ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा डोकी मोजत, आता रक्त घेतात. अमेरिकेत हवासुपाई जमातीचं रक्त १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलं गेलं आणि त्यांना न सांगता भलत्याच संशोधनांना वापरलं गेलं. तडजोड व्हायला २०१० उजाडलं. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, तिथल्या इलिनॉय विद्यापीठात मूलनिवासी तरुणांसाठी जीनोमशास्त्राची उन्हाळी इंटर्नशिप सुरू झाली. ज्यांच्या नमुन्यांवर संशोधन चालतं त्यांच्यातलेच लोक पिपेट धरायला आणि 'हा नमुना कशासाठी?' असं विचारायला बसावेत, हा तिचा रोख. आपल्याकडे १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची, २०४७ पर्यंत आजार संपवायचा. काम मोठं आहे आणि व्हायलाच हवं. पण ७ कोटी कार्डं वाटणाऱ्यांत 'चारात एक' नीट सांगू शकणारे किती असतील, याची मला धास्ती आहे. कार्ड दाखवल्यावर मुलीचं लग्न मोडतं आणि मुलाचं कार्ड कोणी मागतच नाही, हेही धानोऱ्याच्या मुलीनेच आम्हाला सांगितलं. समुपदेशनाच्या आमच्या छापील पत्रकात ते नव्हतं.

दोन महिन्यांनी मुलं गेली. सगळीच संशोधनात गेली असं नाही. केजचा पोलीस भरतीची तयारी करतो, आणि त्यात काही वाया गेलं असं मला वाटत नाही. अत्तिबेलेची मुलगी एका निदान प्रयोगशाळेत लागली आहे. आईच्याच इमारतीत नाही, पण त्याच रस्त्यावर. धानोऱ्याची एम.एस्सी. करते. तिला लिहिलेलं माझं शिफारसपत्र दोन पानांचं होतं आणि त्यात मायक्रोस्कोपही आहे, चिंचोकेही आहेत.

मी मात्र एक गोष्ट लावून धरली. अर्जात एक रकाना वाढवला: 'मे-जूनमध्ये तुम्ही घरी कोणतं काम करता आणि त्यातून अंदाजे किती मिळतं?' तेवढी रक्कम विद्यावेतनाखेरीज घरी पाठवायची. समितीत यावर तासभर वाद झाला. मुलं खोटे आकडे लिहितील, असं एकाचं म्हणणं. प्रवासखर्चाच्या बिलांत आपण काय लिहितो ते मी त्यांना विचारलं नाही, पण मनात आलं. रक्कम मंजूर झाली. मग हिशेबनीसांनी ती कोणत्या शीर्षाखाली टाकायची ते विचारलं. 'विद्यावेतन' म्हणावं तर मर्यादा ओलांडते, 'प्रवास' नव्हे, 'साहित्य' नव्हे. तेंदूपत्ता म्हणजे काय हे त्यांना कानडीत समजावताना माझी दमछाक झाली. शेवटी त्यांना विडीचं पान कळलं आणि ते घाबरले: संस्थेच्या खात्यातून तंबाखूशी संबंधित खर्च? त्यांनी तो 'किरकोळ'मध्ये टाकला आहे. लेखापरीक्षकांनी समोर पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलंय, आणि खुलासा मार्च संपण्यापूर्वी द्यायचा आहे.